वीज नसताना घरचा जनरेटर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



मागच्या बैठकीत आपल्यापुढे एक सूचना आली होती. मंडळाच्या शिलकेतून आळीसाठी एक पेट्रोलवर चालणारा जनरेटर घ्यावा आणि तो मंडळाच्याच ताब्यात ठेवावा, अशी ती सूचना. तिच्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, यंत्राचे काम पुरुषांचे, बायकांनी त्यात हात घालू नये. कोणी म्हणाले, एका यंत्राने काय होणार, ज्याने त्याने आपापला घ्यावा. शेवटी चिटणीसबाईंनी माझ्याकडे बोट केले, कारण आमच्या घरी २०२० सालच्या पावसाळ्यापासून असा जनरेटर आहे आणि घरची मंडळी मुंबईला नोकरीस असल्यामुळे तो मीच चालवते. तेव्हा चालवताना जे कळले, वायरमनकडून जे विचारून घेतले आणि पुस्तिकेतून मुलीने जे वाचून दाखवले, ते सर्व आज आपणांपुढे ठेवते. ठराव करावयाचा की नाही, हे आपण ऐकून ठरवावे.

३ जून २०२० चा दिवस आपल्या श्रीवर्धन तालुक्यात कोणाला सांगावयास नको. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आले. माणशी वर्षानुवर्षे जपलेल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा तीन-चार तासांत आडव्या झाल्या, त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. बाहेर करोनाची टाळेबंदी, घराला कौल नाही, फोनला रेंज नाही. कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे वीज आली नाही. पुढल्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे गेले आणि जाता जाता पुन्हा अंधार करून गेले. त्या दोन वर्षांत आपल्याकडे जितके जनरेटर आले, तितके त्याआधी मी तरी पाहिले नव्हते. जो तो मिळेल तेथून आणीत होता. वापरावा कसा, हे विचारावयास मात्र कोणाला सवड नव्हती. माझे सगळे बोलणे त्यासाठीच आहे.

आधी हे सांगते की जनरेटर हा नेहमीच्या वीज जाण्यावरचा उपाय नव्हे. रोज तास दोन तास वीज जाते, त्याला इन्व्हर्टर बरा. त्याला आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल नाही. दीडशे ॲम्पिअर-तासाची नवी बॅटरी असली तर दोन पंखे आणि चार दिवे सहा तासांच्या आसपास चालतात. पण बॅटरी भरावयास वीजच लागते. वादळात पहिल्या रात्रीतच इन्व्हर्टर संपतो आणि मग ते नुसते जड कपाट उरते. जनरेटरचा उपयोग तेथे आहे. आता काही घरांवर सूर्यघर योजनेतून सौर पत्रे बसले आहेत. त्या भगिनींना वाटते की आपल्याला अंधाराची चिंता नाही. तर त्यांनी बसवणाऱ्यास विचारून घ्यावे. बॅटरीवाचूनचे, वीजवाहिनीला जोडलेले सौर पत्रे असतील तर बाहेरची वीज गेली की तेही आपोआप बंद पडतात, मग ऊन कितीही लख्ख असो. ते मुद्दामच तसे केलेले असते. का, ते पुढे सांगते.

जनरेटरचे पोट केवढे, हे प्रथम पाहावे. लहान यंत्र एक के.व्ही.ए. चे असते, ते सुमारे आठशे वॅट वीज देते. वॅट म्हणजे काय याचे भय बाळगू नये. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तो आकडा छापलेला असतो, त्यांची बेरीज करावयाची. सातवीपर्यंतची बेरीज तेवढ्याला पुरून उरते. एल.ई.डी. दिवा नऊ वॅट, जुना छताचा पंखा पंचाहत्तर, फोनचा चार्जर दहा ते वीस. चार दिवे, दोन पंखे, पाच-सहा फोन मिळून तीनशेच्या आतच झाले. फ्रीज चालू असताना दीडशे-दोनशे वॅट घेतो. पण सुरू होण्याच्या क्षणी त्याला त्याच्या कितीतरी पट ओढ लागते. विहिरीवरच्या पंपाचेही तेच. अर्धा अश्वशक्तीचा पंप म्हणजे पावणेचारशे वॅट असे कागदावर दिसते. पण उठताना तो एवढा जोर मागतो की लहान जनरेटर घुसमटून बंद पडतो. पंप चालवावयाचा असेल तर दोन के.व्ही.ए. च्या वरचेच यंत्र लागते. मिक्सर पाचशे ते साडेसातशे. इस्त्री, पाण्याचा गिझर आणि विजेची शेगडी यांचे नाव काढू नये.

मग चालवावयाचे कसे? पंगती बसवाव्या तसे. घरात जागा पंचवीस पानांची असली आणि पाहुणे शंभर असले तर आपण चार पंगती उठवतो, एकदम सगळ्यांना आत घेत नाही. आधी पंप लावावा, टाकी भरली की तो बंद करावा, मग फ्रीज, आणि फ्रीज स्थिर झाला की दिवे, फोन. फ्रीजला सारा दिवस वीज लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दार उघडले नाही तर आतला गारवा चार तास राहतो. बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असला तर तो दोन दिवसही धरतो. मुलांना दार उघडून पाहण्याची सवय असते, त्याला मी त्या दिवसांत दोरीच बांधली होती.

आता खर्च. लहान यंत्र तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पिते. पेट्रोल आज लिटरला शंभराच्या वर आहे. दिवसभर आणि रात्रभर चालवले तर बारा लिटर, म्हणजे रोजचे बाराशे रुपये उडाले. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास चालवले तर दीड लिटरात भागते. तीन घरांनी मिळून चालवले तर एकेका घरावर पन्नास-पंचावन्न रुपये येतात. घरोघर यंत्र घेऊ नये असे माझे मत आहे ते यामुळे, आणि आवाजामुळेही. एका आळीत आठ यंत्रे एकदम सुरू झाली तर वादळ बरे म्हणायची पाळी येईल.

भगिनींनो, आता जे सांगते ते नीट ऐकावे, कारण येथे जिवाशी गाठ आहे.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो वेगळा. वास नसला तरी हा वायू असू शकतो. आपल्या रक्तात श्वासातील प्राणवायू वाहून नेणारा जो लाल पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, पण शरीराला प्राणवायू पोचतच नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतील शक्ती जाते. जागा माणूस निदान तक्रार करतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बाईला त्याचा त्रास लवकर होतो.

आपल्या जुन्या बायकांना हा वायू नावाने ठाऊक नव्हता, पण गुण ठाऊक होता. बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी ठेवली म्हणजे आजी एक खिडकी किलकिली ठेवावयास लावीत असे, आणि कोळसा फुलल्याशिवाय शेगडी आत आणू देत नसे. शेगडीत मूठभर कोळसा असतो. जनरेटर त्याच्या कितीतरी पट विष सोडतो, म्हणून त्याला उघडी खिडकी पुरत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की वादळ येते ते पावसाबरोबर. यंत्र भिजू नये म्हणून लोक ते पडवीत ठेवतात, न्हाणीघराच्या आडोशाला ठेवतात, गोठ्यात ठेवतात. निसर्गच्या वेळी एका घरी ते पडवीतच ठेवले होते आणि पाऊस आत येतो म्हणून दारे लावून घेतली होती. रात्री धाकटे पोर ओकू लागले, त्याच्या आईचे डोके ठणकू लागले, म्हातारीला उठता येईना. सर्वांना वाटले, दुपारचे अन्न बाधले. कोणी ओव्याची पूड शोधत होते. शेजारची एक बाई आत आली आणि दोन मिनिटांत तिचेही डोके जड झाले, तेव्हा तिच्या ध्यानात आले की घरात सगळ्यांचेच एकदम दुखते आहे आणि बाहेर कोणाचेच दुखत नाही. तिने पोर उचलून पावसात नेले आणि ओरडून सर्वांना बाहेर काढले. मोकळ्या हवेत ती माणसे सावरली. तिचे मला फार कौतुक वाटते. ती आज येथे बसली आहे, पण नाव सांगितलेले तिला आवडणार नाही.

तेव्हा नियम असा. जनरेटर घराच्या आत नाही, पडवीत नाही, ओटीवर नाही, खिडकीखाली नाही. दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, आणि त्याच्या धुराचे तोंड घराकडे असता कामा नये. आपल्या घराकडे नको आणि शेजाऱ्याच्या घराकडेही नको. वीस फूट म्हणजे किती, हा प्रश्न पडेल. नऊवारी लुगडे उलगडून लांब पसरले तर सत्तावीस फूट भरते. घरापासून एक लुगडे दूर म्हटले की झाले. पावसासाठी चार खांब उभारून वर पत्रा टाकावा, बाजू चारही मोकळ्या ठेवाव्या आणि खाली चिऱ्यांचे वीतभर उंच जोते करावे, म्हणजे पाणी साचत नाही. ओल्या हाताने यंत्राला शिवू नये. घरात आणावयाची वायर जाड, तीन तारांची, बाहेर वापरावयाची असावी. तिची गुंडाळी पूर्ण सोडून घ्यावी, नाहीतर ती आतून तापते. डोके दुखू लागले तर गोळी शोधत बसू नये, आधी सर्वांना बाहेर काढावे आणि मग दवाखाना गाठावा. आणि सगळे झोपल्यावर यंत्र चालू ठेवू नये.

दुसरी गोष्टही तितकीच मोठी आहे, आणि तिच्यात मरणारा आपल्या घरचा नसतो, म्हणून ती लोक सहज करून जातात.

बाजारात काहीजण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून देतात. तिचे एक टोक जनरेटरला आणि दुसरे घरातल्या भिंतीवरच्या प्लगात घालावयाचे, की सगळ्या घरात दिवे लागतात. दिसावयास फार सोपे. पण एक टोक निघून हातात आले तर त्याच्या उघड्या पिनेत जिवंत वीज असते, आणि ती पोराच्या हाती लागावयास वेळ लागत नाही. शिवाय भिंतीतून शिरलेली वीज घरात थांबत नाही. ती मीटरवाटे उलटी बाहेर खांबावर जाते. आळीच्या टोकाला जो डी.पी. आहे, तो अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देतो. पण ते यंत्र दोन्ही बाजूंनी चालते. इकडून आपली दोनशे तीस व्होल्टची वीज उलटी गेली, तर पलीकडे ती चढून अकरा हजारांची होऊन निघते. पुढची तार तुटून ओझे कमी झालेले असले, म्हणजे नेमकी वादळानंतरची स्थिती असली, की हा धोका सर्वांत जास्त. आणि त्या तारेवर कोण असतो? आपलीच वीज परत यावी म्हणून चिखलात खांब उभा करणारा वायरमन असतो. त्याने मागून वीज बंद केलेली असते, तार मेलेली आहे असे धरून तो हात घालतो.

निसर्गनंतर आपल्याकडे दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन होते. घरापासून लांब, शाळेत झोपत, मिळेल ते खात. त्यांच्यातल्या एकाला मी चहा दिला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "ताई, तुमच्याकडे जनरेटर आहे का, आणि तो कुठे जोडला आहे?" मी त्याला वायर दाखवली. आमचा फ्रीज आणि दिव्याचा बोर्ड सरळ जनरेटरच्याच प्लगावर होता, भिंतीचा काही संबंध नव्हता. मग त्याने चहा घेतला. त्यानेच मला सांगितले की सौर पत्रे वीज गेल्यावर बंद पडतात तेही याचसाठी, तारेवरच्या माणसासाठी.

सगळ्या घराला जनरेटर जोडावयाचाच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याचा दांडा एका बाजूला केला की घर बाहेरच्या विजेवर, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरवर. दोन्ही एकदम जोडली जातच नाहीत. मेन स्विच मी आठवणीने बंद करीन, असे म्हणून भागत नाही. घाईत, अंधारात, पोर रडत असताना कोणाला काय आठवते? शिवाय मध्येच बाहेरची वीज आली तर ती दोन्ही टोके एकमेकांवर आदळून जनरेटरही जळतो.

पेट्रोलचे थोडक्यात सांगते. चालू यंत्रात पेट्रोल कधीही ओतू नये. बंद करावे, निवू द्यावे, मग ओतावे. तापलेल्या नळीवर थेंब पडला तरी पेट घेतो. जवळ कंदील किंवा देवाचा दिवा नको. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नये, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि तो डबा स्वयंपाकघरात नसावा. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते. आपल्या पावसात ओलीला काय तोटा! म्हणून महिनेन्‌महिने साठवलेले पेट्रोल खराब होते. कोणी घरच्या गॅसच्या सिलिंडरवर जनरेटर चालवून देतो म्हणतात, त्यांना दारातूनच परत पाठवावे.

यंत्राची निगा शिवणाच्या यंत्राहून फार अवघड नाही. नवे यंत्र पुष्कळदा ऑइलशिवाय येते; ऑइल न घालता दोरी ओढली तर इंजिन जागच्या जागी बाद होते. पहिले ऑइल वीसेक तास चालल्यावर बदलावे, पुढे शंभर तासांनी. काम नसले तरी महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे चालवावे. पुष्कळ दिवस ठेवून द्यावयाचे असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप विझेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरात चिकटा धरत नाही. मी दर संकष्टीला चालवते, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

सुरू करण्याची रीत अशी. सपाट जागी ठेवून ऑइल पाहावे, कॉक उघडावा, स्विच चालूवर करावा, चोक ओढावा. दोरी प्रथम हळू ओढावी. मध्येच ती अडल्यासारखी होते. तेथून एक सरळ, जोराचा झटका द्यावा आणि दोरी हाताने परत आत सोडावी, एकदम सुटू देऊ नये. इंजिन धरले की चोक हळूहळू मिटवावा. दोन-तीन मिनिटे नुसते चालू द्यावे आणि मग एकेक वस्तू लावावी. बंद करताना उलट क्रम. वस्तू आधी काढाव्या. यात शक्तीपेक्षा झटक्याची कळ आहे. रहाटावर पाणी ओढलेल्या बाईला ती पहिल्या दिवशीच साधते. रहाटावरून आठवले, ज्यांनी पंप आल्यावर विहिरीवरचे रहाट काढून टाकले, त्यांनी ते परत बसवावे. रहाटाला पेट्रोल लागत नाही.

यंत्राचे काम पुरुषांचे, असे जे म्हणाले, त्यांना एवढेच विचारते की वादळ येते तेव्हा आपल्या आळीत पुरुष किती असतात? चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. जूनमध्ये घरात आपण, म्हातारी माणसे आणि मुले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे काहीजण घरी होते, दरवेळी असतील असे नाही. आळीत मधुमेहाच्या औषधाच्या कुप्या फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या तीन घरांची नावे मला तोंडपाठ आहेत. २०२१ मध्ये एका घरी प्राणवायूचे यंत्र लावलेले आजोबा होते. अशा घरी दोरी ओढणारे कोणी जवळ असावे लागते.

मंडळाने यंत्र घेतले तर माझ्या सूचना अशा. यंत्र दोन के.व्ही.ए. च्या वरचे असावे, म्हणजे सामाईक विहिरीचा पंप उठेल. ते एकाच जागी, समाजमंदिरामागच्या मोकळ्या पटांगणात, पत्र्याखाली असावे. घरोघर फिरवू नये. वेळ सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी सात ते साडेआठ. फोन, औषधे आणि पंप यांना पहिला मान; टीव्हीच्या मालिकेला नाही, यावर कोणी रागावले तरी चालेल. औषधांसाठी समाजमंदिरातच एक लहान फ्रीज ठेवावा, आणि कोणते औषध किती दिवस फ्रीजबाहेर चालते हे ज्या त्या घराने डॉक्टरांना पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे. वहीत तास लिहावे आणि पेट्रोलचा खर्च घरांवर वाटावा. ज्यांना देणे जमणार नाही त्यांचे नाव वहीत लिहू नये, ते मंडळाने सोसावे. आणि निदान सहा जणींनी यंत्र चालवावयास शिकावे, कारण एकटीला ताप आला तर आळी अंधारात बसावयाची.

तीन दुकानांतून आणलेले भाव चिटणीसबाईंकडे आहेत, ते पाहून घ्यावे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता मी आमचा जनरेटर समाजमंदिरामागे आणते. लहान यंत्र वीस-पंचवीस किलोचे असते, दोघी जणी सहज उचलतात. ज्यांना दोरी ओढून पाहावयाची आहे त्यांनी यावे. पदर कमरेला घट्ट खोचून यावे, हातात काचेच्या बांगड्या कमी असाव्या, आणि लहान मुलांना घरी ठेवून यावे.